झग्याच्या दुमडीतलं शिसं

सून : आई, आधी तोंडातल्या टाचण्या काढा, मग बोला. गिळाल एखादी.

सासू : गिळली तरी काय बिघडतंय? पोटात आधीच इतकं टोचतंय, एक टाचणी जास्त झालेली कळणारसुद्धा नाही. ...घे, काढल्या. आता ऐक. गेल्या रविवारी उपासना संपल्यावर मी पाळकांना पायऱ्यांवरच गाठलं. म्हटलं, पाळकसाहेब, मी जन्मात कुणाच्या सुतळीच्या तोड्याला हात लावला नाही, परक्या पुरुषाकडे मान वर करून पाहिलं नाही, ताप असला तरी उपासना चुकवली नाही. आणि ती बेकरीवाली! माझ्या नवऱ्याला वर्षानुवर्षं आपल्या दारात बांधून ठेवला तिने. ती आता बाप्तिस्म्याच्या हौदात एक बुडी मारणार, आणि वर येणार ती माझ्याएवढीच पांढरी?

सून : पायऱ्यांवर? सगळ्यांसमोर?

सासू : सगळ्यांसमोर. लपवायचं तिने, मी कशाला लपवू?

सून : मग काय म्हणाले पाळकसाहेब?

सासू : म्हणाले, बाई, तारण म्हणजे पापातून सुटका; ती मजुरी नव्हे, देणगी आहे. ती कमवता येत नाही, फक्त घेता येते. देणगी म्हणे! हे आधी सांगायचं होतं. मीसुद्धा थोडी मजा केली असती आणि शेवटी हात पुढे केला असता.

सून : तुम्ही? काय मजा केली असती तुम्ही?

सासू : तेच तर सुचत नाही आता. सवयच लागू दिली नाही कुणी.

सून : आई, पण बाबांनाही तसंच मिळालं ना? अगदी शेवटी, खाटेवर.

सासू : मिळालं की. पाळक उशाशी बसले, डोक्यावर हात ठेवला. ह्यांनी डोळ्यांत पाणी आणून देवाची क्षमा मागितली. मी शेजारी तस्त धरून उभी, उलटी होईल म्हणून. देवाची मागितली हो. तस्त धरणारीकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. आणि तुम्ही सगळ्यांनी आमेन म्हटलं. तूही म्हटलंस, मी ऐकलं.

सून : म्हटलं. तुम्ही नाही म्हटलंत?

सासू : माझं तोंड तेव्हा बंद होतं. जन्मात एकदाच.

सून : मग मनात काय म्हटलंत?

सासू : मी मनाशी म्हटलं, जाऊ दे. इथे वाटणी झाली, वर तरी हा माणूस मला अख्खा मिळेल. वर काही बेकरी नाही. आणि आता बघ! मी दारात पोचेन तेव्हा ही बया आत पाय पसरून बसलेली.

सून : ती तुमच्याहून लहान आहे, आई. तुम्हीच आधी पोचाल.

सासू : तुला घाई झालीय का?

सून : अहो, तसं नाही! आणि तिथे नवरा-बायको असं काही नसतंच म्हणतात. सगळे एका देवाचे.

सासू : मग हेही लग्नाच्या वेळी सांगायला हवं होतं. मी इतकी वर्षं कोणासाठी सांभाळून ठेवलं सगळं? मी मुलगी असताना त्याच हौदात उतरले होते. माझ्यापाशी धुण्यासारखं होतं काय? पाणी जसंच्या तसं स्वच्छ राहिलं.

सून : आता उतरलात तर राहील?

सासू : जीभ फार चालायला लागलीय तुझी.

सून : तुमच्याच घरात राहते. आणा तो तिचा झगा इकडे. उद्या सकाळी लागणार, इस्त्री करून ठेवते. ...आई.

सासू : आता काय?

सून : हा हलका का लागतोय?

सासू : चांगलं कापड आहे. चांगलं कापड हलकंच असतं.

सून : खालच्या दुमडीत चकत्या नाहीत.

सासू : कसल्या चकत्या?

सून : कसल्या काय विचारता! शिशाच्या. डबा तर हा इथे भरलेला पडलाय. बाप्तिस्म्याच्या प्रत्येक झग्याच्या दुमडीत तुम्ही स्वतः शिवता, पाण्यात घेर तरंगून वर येऊ नये म्हणून. या घरात आल्यावर मला पहिलं काम शिकवलंत ते हेच.

सासू : राहिल्या असतील. वय झालं.

सून : वय! शेजारीण कोणत्या साली कोणती सुई घेऊन गेली ते तोंडपाठ आहे तुम्हाला.

सासू : आणि परत दिलेली नाही अजून.

सून : आई, ती जाडी मावशी आठवते? दुसऱ्या चर्चच्या मंडळीकडून आणलेल्या झग्यात उतरली होती. दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला, तर झगा छत्रीसारखा उघडला. पाळकसाहेबांनी डोळे मिटले, गाणारे कडवं विसरले, मागच्या बाकावरचे फिदीफिदी हसले. त्यानंतर मावशी कधी चर्चमध्ये दिसली?

सासू : नाही दिसली.

सून : पुढे रस्त्यातही दिसली नाही. गावच सोडलं तिने. आणि तुम्ही आठवडाभर चिडचिड करत होतात, की ज्याने तो झगा शिवला त्याचे हात तोडायला हवेत म्हणून.

सासू : ती वेगळी गोष्ट. ती मावशी बिचारी गरीब गाय होती.

सून : म्हणजे हे मुद्दाम आहे.

सासू : मी काय केलं? मी काहीच केलं नाही. एक गोष्ट करायची राहू दिली. न करणं हे पाप कधीपासून झालं?

सून : आई!

सासू : आई, आई काय लावलंस? देवाने तिचं सगळं झाकलं. झाकू दे. तो मोठा, त्याला परवडतं. मी कशाला झाकू?

सून : द्या इकडे, मी शिवते.

सासू : डब्याला हात लावलास तर बघ. माझं मशीन, माझं काम.

सून : मग मी जाऊन पाळकसाहेबांना सांगते.

सासू : सांग. सासू दुष्ट आहे म्हणून सांगायला सुनेला कधीच मनाई नसते.

(दार वाजतं.)

सून : तीच असेल. पाळकसाहेब माप बघायला पाठवतो म्हणाले होते.

सासू : डबा त्या कापडाखाली सार. आणि आत जाऊन बस. चहा टाकू नकोस. ती इथे बसायला येत नाहीये, उभी राहायला येतेय.

बेकरीवाली : येऊ का?

सासू : दार उघडंच आहे. चपला बाहेर काढ, पांढरं कापड पसरलंय. तो झगा घाल, त्या पडद्यामागे. बाह्या आधी, मग डोकं. ओढू नकोस, कच्चा टाका आहे.

बेकरीवाली : घातला.

सासू : मग बाहेर ये की. पडद्यालाच माप लावू का? ...या स्टुलावर चढ. सरळ उभी राहा. हात लांब कर. हे काय हातावर?

बेकरीवाली : भट्टीचे चटके. गरम पत्रे ओढताना लागतात. जुने आहेत.

सासू : मला वाटलं होतं तू लोण्यासारखी असशील.

बेकरीवाली : मी?

सासू : गळा सैल आहे, आत घेते. वळ. ...कोपरापर्यंत आहेत की गं हे डाग. बाही लांब ठेवू का?

बेकरीवाली : जशी तुमची इच्छा. ताई, तुम्ही खाली बसू नका. गुडघे दुखतील.

सासू : घेर मापायचा तर खालीच बसावं लागतं. शिवणारी माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नाही, पायांकडे बघते. आणि ताई म्हणू नकोस.

बेकरीवाली : मग काय म्हणू?

सासू : काही म्हणू नकोस. उभी राहा.

बेकरीवाली : ...मी एक विचारायला आले होते. मापासाठी नंतरही येता आलं असतं.

सासू : विचार. कान काही तुझ्या पायाशी बांधलेले नाहीत.

बेकरीवाली : तुम्ही नको म्हणालात तर मी उद्या जाणार नाही.

सासू : कुठे?

बेकरीवाली : हौदात. तुमच्या एका शब्दावर आहे. मी पाळकसाहेबांना सांगेन, बरं वाटत नाहीये. तुमचं नाव येणार नाही.

सासू : वा! म्हणजे उद्या एक जीव तारणावाचून राहिला तर ते माझ्या माथी? फार हुशार आहेस. पाळकांनी पाठवलं ना, माफी मागून ये म्हणून?

बेकरीवाली : त्यांनी फक्त मापाला पाठवलं.

सासू : देवाने केलीय ना तुला माफी? तोंडभरून सांगत होते पाळक. मग माझ्या दारात कशाला?

बेकरीवाली : देवाने केली असं तेही म्हणतात, मलाही वाटतं. पण देवाचं काय गेलं होतं? नुकसान तुमचं झालं होतं. ...हात थांबला तुमचा. टाचणी टोचली का तुम्हाला?

सासू : नाही. हलू नकोस. ...हे तुला कुणी शिकवलं?

बेकरीवाली : काय?

सासू : हेच. नुकसान माझं झालं म्हणून.

बेकरीवाली : शिकवायला काय हवं त्यात?

सासू : तसं कुणी म्हणालं नाही अजून. तो सुटला. पाळकांनी सोडवला, मंडळीने आमेन म्हटलं, माझा मुलगा रडला, सून रडली, सगळे कसे हलके हलके होऊन घरी गेले. मी तस्त धुतलं. ...तू आली होतीस, त्याला पोचवायला?

बेकरीवाली : कबरस्तानाच्या फाटकाबाहेर उभी होते. पलीकडच्या भिंतीशी.

सासू : मी पाहिलं तुला.

बेकरीवाली : मला वाटलंच. तुमची मान एकदाच वळली.

सासू : मला पहिल्यांदा कधी कळलं ठाऊक आहे? तुमच्या बेकरीच्या पावाच्या गाडीवर कामाला होता, अंगाला पावाचा वास यायचाच. मी म्हणायचे, गाडीचा वास. मग एकदा शर्टाचं बटण बघितलं. मी बटण लावते ते दोन सरळ रेघांत. हे फुलीत लावलेलं.

बेकरीवाली : माहीत आहे. तुम्ही ते तोडून पुन्हा दोन रेघांत लावलंत, आणि तोच शर्ट घालून त्यांना पाठवलंत.

सासू : म्हणजे तुला दिसलं?

बेकरीवाली : दारातच दिसलं. तेव्हा मला कळलं, की तुम्हाला कळलंय. त्यानंतर मी त्यांच्या कपड्याला सुई लावली नाही. एकदा खिसा उसवला होता, तसाच परत पाठवला.

सासू : मी शिवला तो.

बेकरीवाली : छान शिवला होता.

सासू : आणि त्याला?

बेकरीवाली : त्यांना काय कळतंय? त्यांना बटण तुटतं एवढं ठाऊक, लावतं कोण ते नाही.

सासू : ...हे मात्र खरं बोललीस. वळ. मला एक सांग. खरं सांग, उद्या बुडायचंय तुला. तो तुझ्याकडे हसायचा का?

बेकरीवाली : ताई, ते कशाला—

सासू : हसायचा का?

बेकरीवाली : ...हो. हसायचे.

सासू : मोठ्याने?

बेकरीवाली : डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

सासू : हं. माझ्याकडे ताटात बघून जेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा. दात किती आहेत ते मला तो गेल्यावर कळलं. मी मेली इतकी वर्षं विचार करतेय, हिच्यात असं काय आहे? रूप म्हणावं तर भट्टीत भाजलेलं. बोलायला म्हणावं तर एकेक शब्द चिमट्याने उचलतेस. कशावर हसायचा गं तो?

बेकरीवाली : तुमच्यावर.

सासू : काय?

बेकरीवाली : तुमच्यावर म्हणजे तुम्हाला नव्हे. तुमच्या बोलण्यावर. तुम्ही दिवसभरात काय काय बोललात ते सांगायचे. शेजारणीला काय म्हणालात, घरमालकाला कसं परतवून लावलंत. तुमचा आवाज काढून सांगायचे, कमरेवर हात ठेवून. पाळकसाहेब नवीन आले तेव्हा त्यांच्या पहिल्या प्रवचनावर तुम्ही काहीतरी बोलला होतात, ते तर मी किती वेळा सांगायला लावलं. मला कुठलं एवढं बोलता येतंय? मी कणीक मळत ऐकायचे.

सासू : माझं बोलणं?

बेकरीवाली : सगळं तुमचंच. माझ्या घरात तुम्ही माझ्यापेक्षा जास्त असायचात. मला राग यायचा. मनात म्हणायचे, हा माणूस इथे बसून तिकडचंच बोलतो. मग हसू आलं की राग विसरायचे.

सासू : तुला राग यायचा. माझा.

बेकरीवाली : यायचा. तेही पाप पाळकसाहेबांना सांगितलंय. म्हणाले, उद्या पाण्यात सगळं एकत्रच सोड.

सासू : बघ की चोर! घरी तोंडाला कुलूप, आणि माझ्या तोंडचं उचलून तुझ्या दारात वाटत होता! मी इथे बोलून बोलून घसा कोरडा करायची, समोर दगड. मला वाटायचं, ऐकतच नाही मेला.

बेकरीवाली : ऐकायचे. शब्दन् शब्द.

सासू : मग इथे हसायला काय झालं होतं?

बेकरीवाली : मी एकदा विचारलं होतं.

सासू : मग?

बेकरीवाली : म्हणाले, तिच्यासमोर हसलो तर ती म्हणेल, आधी स्वतःचं तोंड आरशात बघा.

सासू : ...म्हटलं असतं. नक्की म्हटलं असतं.

बेकरीवाली : ताई, तुमचे डोळे—

सासू : धूळ आहे. कापडाची. खाली वाकू नकोस, माप हलतंय. तू सारखी हलतेस का? स्टूल डुगडुगतंय का?

बेकरीवाली : नाही. उद्याची भीती वाटते.

सासू : पाण्याची? छातीएवढंच आहे. पाळक धरतात.

बेकरीवाली : पाण्याची नाही. लोकांची. एवढी वर्षं मी भिंतीच्या कडेकडेने चालले. बाजारात गेले तरी ऊन उतरल्यावर, गर्दी पांगल्यावर. उद्या सगळ्यांच्या मधोमध उभं राहायचं, आणि सगळे माझ्याकडेच बघणार. मी देवाला एवढंच म्हटलंय, माझं जे काय आहे ते तू बघ, पण त्यांच्यासमोर माझी शोभा होऊ देऊ नकोस. फार मागितलं का मी?

सासू : ...उतर.

बेकरीवाली : झालं?

सासू : उतर म्हटलं ना. झगा काढ आणि दे इकडे.

बेकरीवाली : मी नको जाऊ का मग? तुमचं काय ते नीट सांगा, ताई. मी वाईट वाटून घेणार नाही.

सासू : जायचंय. कोण अडवतंय तुला? खालची दुमड उसवायची आहे. ...अगं ए सूनबाई! दाराला कान लावून उभी आहेस ते इथून दिसतंय. तो डबा आण.

सून : कुठला, आई?

सासू : जास्त शहाणपणा नको. जो तू मघाशी माझ्या नाकासमोर नाचवत होतीस तो.

बेकरीवाली : काय आहे त्यात?

सासू : शिसं. दुमडीत शिवायचं. मग पाण्यात घेर वर येत नाही.

बेकरीवाली : एवढं जड? मी बुडाले तर?

सासू : बुडायलाच चाललीयस की, बाई. वर काढायला पाळक आहेत. झगा जागेवर राहतो की नाही, तेवढं माझं काम.

बेकरीवाली : हे आधीच शिवायचं असतं ना?

सासू : असतं.

बेकरीवाली : राहून गेलं होतं?

सासू : नाही.

सून : आई...

सासू : तू गप्प. तिने मला विचारलंय. नाही, राहून गेलं नव्हतं. तू विचारलंस, मी सांगितलं. आता काय म्हणायचंय ते म्हण, मग मी दोरा ओवते. म्हण की. पाळकांना सांग, मंडळीला सांग. तुझी पाळी आहे.

बेकरीवाली : दोरा मी ओवून देते. तुमच्या डोळ्यांत धूळ गेलीय.

सासू : ...दे. आणि चकत्या एकेक पुढे कर. सगळ्या एकदम नको. सूनबाई, तू दुमड ताणून धर, अंतर सारखं पडायला हवं. हे बघ, फिट्टंफाट झाली असं समजू नकोस हं. तुझं जास्त आहे.

बेकरीवाली : जास्तच आहे, ताई.

सासू : पाळक म्हणतात, तिथे कमी-जास्त मोजत नाहीत. मला काही पटलेलं नाही अजून. तू तुझं सोड उद्या पाण्यात. माझं काय करायचं ते मी बघते... मुलगी असताना उतरले तेव्हा मला वाटलं होतं, काम झालं.

सून : पाळकसाहेबांना विचारू का, तुमच्यासाठीही—

सासू : काही विचारू नकोस. माझं मला मागता येतं. ते धर नीट, सुरकुती पडतेय. ...आणि अगं, ही कधीची उभी आहे, हिला बसायला सांगावं हे कुणाला सुचलं का? ती खुर्ची दे. चहा टाक.

सून : मघाशी तुम्हीच म्हणालात—

सासू : मघाशी मी खूप काही म्हणाले.

बेकरीवाली : चहा नको, ताई. उद्या तुम्ही याल?

सासू : पहिल्या बाकावर बसते मी, नेहमीच. उद्या तिथूनच बघणार आहे, माझं शिसं बरोबर बसलंय का. आता ही शेवटची चकती. दे. आणि सांग.

बेकरीवाली : काय सांगू?

सासू : पाळकांच्या पहिल्या प्रवचनावर मी काय म्हणाले होते? मला आठवत नाही. मी काय, बोलले आणि विसरले. जे होतं ते त्याच्यापाशी होतं, आणि आता तुझ्यापाशी. माझं आहे ते, मला परत दे.

बेकरीवाली : मला त्यांच्यासारखा आवाज नाही काढता येणार.

सासू : माझा आवाज मला ठाऊक आहे. तू शब्द सांग. पहिल्यापासून सांग, काही गाळू नकोस. आणि मध्ये हसायचं नाही हं. आधी मी हसणार.